झोपेत वाजवलेलं बाक

बाक मी झोपेत वाजवलं. नुसतं वाजवलं नाही, दोन्ही हातांनी दणादणा वाजवलं, आणि तेही चुकीच्या बाजूसाठी. मी विरोधी पक्षात होतो आणि दाद दिली ती व्यापारमंत्र्यांना.

हे दिल्लीत घडलं नाही, गोरेगाव पूर्वेला आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये घडलं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमच्या वाचनालयाला दरवर्षी काहीतरी वैचारिक करायची हुक्की येई. आदल्या वर्षी अभिरूप न्यायालय झालं, त्यात मी आरोपी होतो. यंदा अभिरूप संसद ठरली आणि मला थेट खासदारकी मिळाली. विषय रोजच्या पेपरातला. परदेशात कुठेतरी देशोदेशींच्या व्यापाराच्या वाटाघाटी चालल्या होत्या, शेतमालावरची आयात जकात उतरवा असा मोठ्या देशांचा लकडा होता, आणि आपल्या संसदेत त्यावरून खडाजंगी. तीच खडाजंगी आम्ही शनिवारी संध्याकाळी करायची.

दुसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक व्यापारमंत्री. तळमजल्यावरचे वकील सभापती. ज्यांना सरकारात कुणी घेतलं नाही ते सगळे विरोधी पक्ष. संसदेत टाळ्या वाजवत नाहीत, बाक वाजवतात, म्हणून जवळच्या शाळेतून बाकं मागून आणली होती. शेतमालाचं उदाहरण म्हणून सुपारी घ्यावी हे मीच सुचवलं. शेतीतलं मला तेवढंच माहीत, तेही सासुरवाडीमुळे.

सासरे त्याच आठवड्यात गौरी-गणपती उरकून आमच्याकडे आले होते. सांगायला कारण डोळ्यांचं. खरं कारण बायकोने स्वयंपाकघरात सांगितलं. मागच्या वादळात त्यांच्या वाडीतल्या खालच्या अंगाच्या पोफळी आडव्या झाल्या होत्या. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड; लावलं की फळ दिसायला वर्षं जातात. शेजारी ती मोकळी जागा घर बांधायला मागत होता. पुन्हा पोफळी लावायच्या की जागा देऊन टाकायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. पावसाचा जोर ओसरला होता, रोपं लावायची तर आत्ताच.

“बाबा तुम्हाला विचारायला आलेत,” ती म्हणाली.

“मग विचारू देत की.”

“जावयाला कसे विचारतील? त्यांना ते बरं वाटत नाही. तुम्हीच काढा विषय.”

काढतो म्हणालो. पण बँकेत सहामाही हिशेबांची गडबड चालू होती. सकाळी निघायचं, रात्री परतायचं, समोर ठेवलेलं गिळायचं आणि आडवं व्हायचं. सासरे गॅलरीत बसलेले दिसत. मी “काय बाबा, बरंय ना?” विचारायचो, ते “उत्तम” म्हणायचे. एवढाच आमचा संवाद. विषय काही निघाला नाही.

शनिवारी बँकेतून सरळ हॉलवर गेलो. प्राध्यापक बोलायला उठले तेव्हा मी जागा होतो, याला साक्षीदार आहेत. पण त्यांचा आवाज असा एकसुरी आणि मायाळू, की त्यांच्या वर्गातल्या पोरांची मला दया आली आणि त्या दयेतच माझा डोळा लागला.

“परदेशी सुपारी स्वस्तात दारात येत असेल,” प्राध्यापक म्हणत होते, “तर आपण आपल्या पोफळी कवटाळून का बसायचं? तोडाव्यात त्या!”

मी घोरत होतो म्हणून शेजारच्या खासदाराने मला कोपर मारलं. मला वाटलं, आपल्या पक्षाचं कुणीतरी जोरदार बोललं. वाजवलं बाक.

हॉलमध्ये हशा फुटला. सभापती चष्म्यावरून बघत म्हणाले, “सन्माननीय सदस्य, पक्षांतरबंदीचा कायदा झालेला आहे, जरा जपून!” मग त्यांनी माझं बाक वाजवणं कामकाजातून काढून टाकलं. नंतर मी जकात का उतरवू नये यावर लिहून आणलेलं भाषण वाचलं. चांगलं होतं. पण दर वाक्याला मागून कुणीतरी बाक वाजवायचं आणि लोक पुन्हा हसायचे. सगळ्या हॉलमध्ये न हसणारा माणूस एकच, दुसऱ्या रांगेत बायकोशेजारी बसलेले सासरे.

सकाळी चहाला बसलो तर त्यांची पिशवी भरलेली.

“निघतो म्हणतो,” ते म्हणाले. “शेजाऱ्याला जागेचं हो म्हणून टाकतो.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मला संसाराच्या पहिल्या वर्षापासून ओळखीचं आहे.

“बाबा, मी काल झोपलो होतो हो,” मी म्हटलं.

“पाहिलं मी.”

“भाषण ऐकलंत ना माझं? त्यात मी उलटंच म्हटलंय.”

“भाषण तुम्ही लिहून आणलं होतंत. बाक आपसूक वाजलं. पोटात असतं तेच झोपेत बाहेर येतं, जावईबापू.”

यावर सभापतींचाही इलाज चालला नसता. मी त्यांना एस.टी.वर सोडायला निघालो. बायको दारात म्हणाली, “नीट बोला.” रिक्षाने बोरिवलीला जाईपर्यंत मी वाक्यं जुळवत होतो. लावा म्हणावं, तर उद्या जकात उतरली आणि सुपारी मातीमोल झाली म्हणजे? देऊन टाका म्हणावं, तर मीच त्यांची जमीन घालवली असं होणार. फार दमलो होतो. स्टँडवर बाकड्यावर टेकलो आणि तोंडातून निघालं ते एवढंच, “बाबा, मला काहीही कळत नाही यातलं.”

“आणि ते मंत्री? खरे, दिल्लीतले?”

“त्यांनाही कळत असेल असं वाटत नाही. तिकडे नुसत्या बैठका चालल्यात. कधी संपतील कुणाला माहीत. एक म्हणतो उतरवा, दुसरा म्हणतो आधी तू उतरव.”

ते समोरच्या गाडीचा बोर्ड वाचत राहिले. त्यांची गाडी नव्हती.

“मला वाटलं, तुम्हाला आतलं काही माहीत आहे,” ते म्हणाले. “म्हणूनच सांगायचं टाळताय.”

“आतलं कसलं! बँकेत बसतो मी. दुसऱ्यांच्या सह्या ताडून बघतो.”

पहिल्यांदा ते थोडे हसले. गाडी लागली. पिशवी वर देताना त्यांनी माझा हात धरला.

“जागा एकदा दिली की गेली,” ते म्हणाले. “पोफळी नाही चालल्या तर तोडता येतील. लावतो मी. बरोबर आहे ना?”

शेवटी विचारलंच त्यांनी. मी म्हटलं, “मीही लावल्या असत्या.” असत्या का, देव जाणे. पण त्या वेळी मी पूर्ण जागा होतो.

घरी येऊन मोठ्या फुशारकीने सांगितलं, की लावतायत बाबा. बायको तांदूळ निवडत होती. डोळ्यांच्या कडा पदराने टिपल्या, आणि दुसऱ्या क्षणी हात पुन्हा तांदळात.

“लावतील,” ती म्हणाली, “पण उन्हाळ्यात शिंपणं कोण करणार? रोपं लहान असेतो पाणी तोडून चालत नाही आणि बाबांना आता कळशी उचलवत नाही. तुम्ही मे महिन्याची रजा उद्याच सांगून ठेवा, सगळीच्या सगळी. मी ट्रंकेतून तुमच्या जुन्या चड्ड्या काढते.”