तीन वर्षांनी थोरली

खडकजवळ्याच्या शाळेत ज्यांची नावं आहेत ते सगळे एक जूनला जन्मले. यात ग्रहताऱ्यांचा काही हात नाही. गुरुजी पोराच्या आईला विचारतात, कधीचं? आई सांगते, पोळ्याच्या मागंपुढं. गुरुजी एक जून लिहून मोकळे होतात आणि साल तेवढं तोंड बघून टाकतात. चतुराबाईच्या सिंधूचं साल मात्र तोंड बघून पडलं नव्हतं. ते चतुराबाईनं स्वतः, विचार करून सांगितलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ होता. शाळेत येणाऱ्या पोरांना सुकडी मिळायची, म्हणजे गूळ घातलेलं भाजलेलं पीठ, ओंजळ ओंजळ. पण पोर सहा वर्षांचं पाहिजे. सिंधूला नुकतं चौथं लागलेलं. चतुराबाईनं तिला थोरल्या जावेच्या पोरीचा परकर नेसवला, काखेतून उतरवून गुरुजींपुढं उभी केली आणि सातवं लागलं म्हणून ठोकून दिलं. तेव्हा वयाची परीक्षा सोपी होती. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोर शाळेच्या वयाचं. सिंधूचा हात टाळूपर्यंतच पोचला. चतुराबाई म्हणाली, परवा पडली, हात आखडलाय. गुरुजींनी पोरीकडं पाहिलं, आईच्या गालफडांकडं पाहिलं आणि खाली मान घालून सहासष्ट साल लिहिलं. गुरुजीही त्याच दुष्काळात राहत होते.

तर सिंधू कागदावर तीन वर्षांनी थोरली झाली. सुकडी खाऊन जगली, पहिलीच्या वर्गात तीन वर्षं बसली आणि पुढं रीतसर नववीत आली. तोवर पावसानं पुन्हा पाठ फिरवली होती.

गरिबाची पोर वेगानं पळायला लागली की सभेत सांगतात, पाण्यासाठी मैलोन् मैल पळून तिचे पाय तयार झाले. सांगणाऱ्यानं एकदा डोक्यावर भरली घागर घेऊन पळून दाखवावं. सिंधू पळायची ती रिकामा हंडा घेऊन, टँकरमागं. टँकर कधी मारुतीपुढं थांबायचा, कधी वरच्या आळीला, कधी सरपंचाच्या दारात, ते ड्रायव्हरच्या लहरीवर. जो आधी हंडा लावील त्याला पाणी. सिंधूचा हंडा दोन वर्षांत एकदाही दुसरा लागला नाही. बाकीच्या बाया तिच्या नावानं बोटं मोडायच्या आणि शाळेचे खेळाचे मास्तर सिद्धेश्वर सर दारात उभे राहून सेकंद मोजायचे.

त्यात लातूर जिल्हा नवा झाला होता. नव्या जिल्ह्याला सगळं नवं लागतं: नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या आणि पळणारी नवी पोरंही. पूर्वी निवड उस्मानाबादला व्हायची आणि अहमदपूरकडची पोरं तिथं पोचेपर्यंत संघ निघून गेलेला असायचा. आता निवड घरच्या अंगणात आली. मैदान कुठंच धड नव्हतं, म्हणून तालुक्याच्या शर्यती रोजगार हमीतून खोदलेल्या पाझर तलावात घेतल्या. तळ सपाट, पाण्याचा थेंब नाही, काठावर बसायला आयते पायरीसारखे बांध. तलावाचा एवढा उपयोग होईल असं तो मंजूर करणाऱ्यालाही वाटलं नसेल. चतुराबाई स्वतः त्या तलावावर माती उचलायला होती, त्यामुळं आपल्या पोरीच्या पायाखालची जमीन आपण साफ केली याचा तिला उगीच अभिमान वाटला. सिंधू चारशे मीटरला पहिली आली, अनवाणी. पुढं लातूरलाही पहिली आली.

आता राहिली विभागाची शर्यत, नांदेडला. तिथं जी पहिली येईल तिला एका क्रीडामंडळाच्या वसतिगृहात ठेवून घेणार होते. शिक्षण फुकट, दोन्ही वख्त जेवण, रोज पेलाभर दूध आणि एक उकडलेलं अंडं. पुढं पोलिसात नाहीतर रेल्वेत नोकरी. सिद्धेश्वर सरांनी हे सगळं चतुराबाईला समजावून सांगितलं. पोलीस आणि रेल्वे तिला लांबचं वाटलं, पण अंड्याचं बरोबर समजलं. दुसरंही एक कारण होतं. नवरा शेषेराव ऊसतोडीला गेला होता आणि तिथल्या फडावरून त्यानं सिंधूसाठी स्थळ धाडलं होतं. मुलगा कोयता चांगला चालवतो, उन्हाळ्यात उरकून टाकू, असा निरोप होता. म्हणजे नांदेड नाही तर कोयता, इतकी साधी गोष्ट होती.

आणि मग वय आडवं आलं. लातूरपर्यंत दाखला कुणी पाहिला नव्हता, नांदेडला तो बघणार होते, आणि पोरगी सोळाच्या आतली पाहिजे. सिंधू होती चौदाची, कागदावर साडेसतराची.

गंमत अशी की नव्या जिल्ह्याच्या संघात गोळा फेकणारा एक गडी होता. सकाळी दाढी केली तर संध्याकाळी गालावर पुन्हा खुंट दिसायचे. पण त्याच्या बापानं दूरदृष्टीनं पहिलीतच चार वर्षं कमी लिहून ठेवली होती, नोकरीत चार वर्षं जास्त मिळावीत म्हणून. तो पंधराचा होता, शिक्क्यासकट. ज्यांचे आईबाप खालच्या अंगानं खोटं बोलले ते सगळे पात्र. चतुराबाई पोराच्या पोटासाठी वरच्या अंगानं बोलली, ती बाद. खोटं कुठल्या दिशेनं बोलावं हे शहाण्या माणसालाच कळतं आणि शहाणपण पोट भरल्यावर सुचतं.

वय दुरुस्त करायचं तर जन्माचा दाखला आणा, असा नियम त्याच वर्षी निघाला. चतुराबाईनं दोन दिवसांचा खाडा केला आणि कचेरी गाठली. अहमदपूरच्या कारकुनानं सांगितलं, एकोणसत्तरच्या जन्माच्या नोंदी जुन्या जिल्ह्याला, उस्मानाबादला. सर तिकडं जाऊन आले. तिथं समजलं, गठ्ठे लातूरला रवाना झाले. लातुरात समजलं, अजून पोचले नाहीत. दोन जिल्ह्यांच्या मधे कुठंतरी एका पोत्यात सिंधूचा जन्म पडून होता. शेवटी चतुराबाईनं कारकुनाला सरळ सांगितलं, मी त्या वेळी खोटं बोलले, तसं लिहून घ्या, अंगठा देते. कारकून भला माणूस होता. त्यानं कागद पुढं ओढला आणि पेन उघडून विचारलं,

"खोटं बोलल्याचा पुरावा काय?"

"पुरावा म्हंजे पोरगीच की. बगा न्हं, हितं उभी हाय."

"बाई, पोरगी कागद न्हवं," तो म्हणाला आणि पेन बंद केलं.

सिद्धेश्वर सर वाईट माणूस नव्हते. नव्या जिल्ह्याच्या क्रीडाखात्याचे साहेब त्यांना बजावून गेले होते की पहिल्यांदाच नांदेडला चाललोय, मोकळ्या हातानं यायचं नाही. शिवाय सरांनी तीन महिने रोज पहाटे त्या पोरीमागं सायकल दामटली होती. त्यांनी नववीचा पट उघडला आणि त्यांना महादेवी सापडली.

महादेवी ही गावातले किराणा दुकानदार गुरुपादप्पा यांची मुलगी. वय कागदावर चौदा आणि खरंही चौदा, असली एकमेव. गेल्या वैशाखात तिचं लग्न होऊन ती उदगीरला नांदायला गेली होती. पण पट घसरला की तुकडी जाते आणि तुकडी गेली की मास्तर जातो, म्हणून तिचं नाव कुणी काढलं नव्हतं. सासरी भाकरी थापणारी महादेवी शाळेत रोज हजर होती. सहामाहीत ती पासही झाली होती.

सर गुरुपादप्पांच्या दुकानी गेले. आधी गुरुपादप्पा बिचकले. मग सरांनी हळूच सांगितलं की चौदाव्या वर्षी लग्न लावलं म्हणून उद्या कुणी अर्ज केला तर काय दाखवाल? आणि मुलगी शाळेच्या संघात पळते असा कागद असला तर? गुरुपादप्पांनी सरांना चहा मागवला.

सिंधू महादेवीच्या नावानं पळेल, हे चतुराबाईला सांगायला मात्र सर अंधार पडल्यावर गेले. तिनं एकच विचारलं, किती दिवस? सर म्हणाले, दाखल्यावर एकदा नाव चढलं की ते आता कायमचं. दहावी त्याच नावानं, नोकरी त्याच नावानं. चतुराबाई आत गेली, चुलीपुढं बसली, चूल पेटलेली नसताना फुंकत राहिली. तिला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे समजत नव्हतं. मग बाहेर येऊन म्हणाली, "घेऊन जावा. अन्नाला नाव लागत न्हाई."

नांदेडला महादेवी गुरुपादप्पा पहिली आली. दुसरीत आणि तिच्यात दहा हातांचं अंतर होतं. सरांनी तिला तिथूनच वसतिगृहात पोचतं केलं, कपाळाला विभूती लावायला शिकवलं आणि परत आले. पेपरात दोन ओळी छापून आल्या. त्या उदगीरला पोचल्या तेव्हा खऱ्या महादेवीची सासू दोनदा स्वयंपाकघरात डोकावून गेली म्हणतात. सून जागेवर होती.

गावानं सत्कार केला. पोरगी हजर नाही तर सत्कार कुणाचा? बापाचा. साहेब आले, मारुतीपुढं मंडप पडला, धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारलं. त्या दिवशी टँकर ठरल्या जागी थांबला. साहेबांनी नव्या जिल्ह्याच्या मातीत काय दम आहे ते सांगितलं. गुरुपादप्पांना शाल घातली. खरं म्हणजे ते अवघडले होते, पण माइक हातात आला की माणसाचं काही खरं नसतं. दोन वाक्यांनंतर त्यांची भीड चेपली. पोरीला लहानपणापासून दूध-तुपाची कशी सवय लावली, पहाटे आपण स्वतः तिला कसे उठवायचो, हे त्यांनी सांगितलं आणि सांगता सांगता त्यांचे डोळे खरोखर भरून आले. सगळं गाव समजून होतं आणि सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. मागं बायकांत बसलेली चतुराबाईही वाजवत होती. न वाजवली तर लोक बघतील, असं तिला वाटलं. नंतर पेढा आला तो तिनं पदरात बांधला आणि घरी येऊन कोंबड्यांना टाकला.

शेषेरावला तिनं फडावर निरोप धाडला की पोरगी नांदेडला शिकाया राहिली, सोयरीक मोडा. बाकीचं कळवलं नाही. ते निरोपातून सांगण्यासारखं नव्हतं.

संक्रांत झाली आणि तिला राहवेना. दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तीळगूळ आणि घरच्या कोंबडीची चार उकडलेली अंडी फडक्यात बांधून ती पहाटेच्या एस.टी.नं निघाली. नांदेडात स्टँडपासून विचारत विचारत, दोनदा चुकून, ती वसतिगृहाच्या दारात पोचली. आत टेबलाशी वसतिगृहाच्या बाई बसल्या होत्या, सुमनबाई नावाच्या. कडक, पण मुलींना जपणाऱ्या. त्यांनी विचारलं, कुणाला भेटायचं? चतुराबाईच्या तोंडाशी सिंधू आली. ती गिळून म्हणाली, महादेवीला. तुम्ही कोण? फक्त आईवडलांना, नाहीतर त्यांनी धाडलेल्या माणसाला भेटू देतो.

चतुराबाईनं अंगावरच्या लुगड्याकडं पाहिलं. हे लुगडं नेसून दुकानदाराची बायको म्हणवणं शक्य नव्हतं. ती म्हणाली, "गुरुपादअण्णांच्या घरची कामाची बाई हाय मी. त्यांनी धाडलं."

सुमनबाईंनी फडकं सोडायला लावलं, तसा नियमच होता. अंडी पाहून त्या चमकल्या. लिंगायताच्या घरून अंडी? चतुराबाई म्हणाली, ती माझी, वाटंत खायाला. तेव्हा सुमनबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या म्हणाल्या, अण्णांना सांगा, काळजी करू नका. आम्ही धर्म पाळतो. बाकी मुलींना रोज अंडं असतं, पण महादेवीच्या ताटाला शिवूसुद्धा देत नाही. तिला केळं देतो.

चतुराबाई "बरं केलंत" म्हणाली. चारही अंडी तिनं पदराखाली घेतली.

सिंधूला बोलावलं. ती पळतच आली, आईला बघून दारात थबकली आणि टेबलाशी बसलेल्या सुमनबाई दिसल्यावर तिथंच उभी राहिली. अंगावर निळा गणवेश, कपाळावर विभूती, पायांत कॅनव्हासचे बूट. उंच झाली होती. सुमनबाई म्हणाल्या, घरची बाई आलीय, बोल, दहा मिनिटं आहेत. आणि त्या तिथंच वही तपासत बसल्या. भेट त्यांच्यासमोरच व्हायची.

चतुराबाईनं भाकरीचं फडकं पुढं केलं. सिंधूनं ते घेतलं आणि छातीशी धरलं. मग मान खाली घालून तिनं विचारलं,

"घरी माय कशी हाय?"

"बरी हाय ताईसाहेब. तलावाच्या कामावर जाती."

"जेवती का वख्तावर?"

"जेवती."

"रडती का?"

चतुराबाईनं सुमनबाईंकडं पाहिलं. त्यांनी वहीतून मान वर केली नव्हती.

"आदी रडली दोन-चार दिस. आता न्हाई रडत," ती म्हणाली. "तुमची माय म्हणली, पोरीला सांग, माघारी बगू नको, पळत ऱ्हा. म्हणली, मी यीन भेटाया. कुणीबी होऊन यीन."