थुंकावीशी वाटणारी चव

टूथपेस्टच्या कारखान्यात तिला सगळे चवबाई म्हणत. पेस्टला चव आणणं हे तिचं काम. ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट घ्यायची, दात घासायचे, बेसिनमध्ये पचकन थुंकायचं आणि पुन्हा अर्क थेंबभर कमीजास्त करायचा. उभा जन्म थुंकण्यात गेला, असं तीच हसत सांगे.

मुलांची स्ट्रॉबेरी पेस्ट बाजारात आली आणि चवबाईचे पाय जमिनीवर ठरेनात. "थुंकायचं जिवावर येतं हो," असं साहेब म्हणाले, तेव्हा तर स्वारी दिवसभर गुणगुणत होती.

मग एका सकाळी लेकीचा फोन आला. "आई, चिमणीनं तुझ्या स्ट्रॉबेरी पेस्टची ट्यूब खाल्ली. अर्धीअधिक संपवलीये."

पेस्टमधलं सोडियम फ्लोराइड चवबाई चांगलं ओळखून होती. दिसायला मिठासारखी पांढरी, साधी पूड. पेस्टमध्ये नावापुरतीच असते, पण तेवढ्यानं दाताचं वरचं कवच टणक होतं आणि किडीची डाळ शिजत नाही. त्याच पुडीच्या पिंपावर मात्र कवटीचं चित्र होतं, आणि मास्क-हातमोजे चढवल्याशिवाय कुणी त्याच्या झाकणाला हात लावत नसे. इथे तर पोर एवढीशी आणि ट्यूब भली मोठी.

"आधी दूध पाज आणि तशीच डॉक्टरांकडे ने. ट्यूब बरोबर घे. मुद्दाम ओकायला लावू नकोस."

चवबाई धापा टाकत दवाखान्यात पोचली. नात पोट धरून बसली होती, ओकून ओकून मलूल झालेली. डॉक्टरीणबाईंनी तिला दिवसभर नजरेखाली ठेवलं.

"दूध दिलंत ते बरं केलंत, त्यातलं कॅल्शियम फ्लोराइडला धरून ठेवतं," संध्याकाळी त्या म्हणाल्या. "आता घाबरण्यासारखं नाही. पण रोज गिळायची सवय लागली, तर नव्या दातांवर डाग येतील. ट्यूब उंचावर ठेवा आणि घासताना जवळ उभ्या राहा."

"आजी, तुझी पेस्ट मस्त आहे. अजून दे ना," नात म्हणाली.

आयुष्यभर ज्या कौतुकासाठी झटली, ते ऐकून चवबाईला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर उभी राहिली. "साहेब, पेस्टची चव बिघडवायची आहे."

"चवबाई, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"पोरांनी ती घासावी, खाऊ नये. सुरुवातीला गोड लागेल, पण शेवटी तोंडात ठेववणार नाही."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण करून बघा म्हणाले. चवबाई कामाला लागली. कधी सुरुवातच कडू होई, कधी शेवटही गोडच राही. उतारवयात बाईंचा हात बिघडला, अशी कुजबुज झाली. तिनं कानाडोळा केला.

अखेर एक ट्यूब घेऊन ती लेकीकडे गेली. नात बेसिनपाशी स्टुलावर चढली. चवबाई मागे श्वास रोखून उभी. पोर आधी खुशीत घासत होती. मग भुवया जवळ आल्या, नाक मुरडलं.

"थू! आजी, ही शेवटी घाण लागते. तुला आता पेस्ट करता येत नाही."

चवबाईनं तिला उचललं आणि फेसासकट तिचा मुका घेतला.