टाचांवर धरलेलं वजन

ज्युदोतल्या माझ्या तपकिरी पट्ट्याबद्दल मी आजवर पुष्कळ बढाया मारल्या आहेत. नवऱ्यापुढे, मुलांपुढे, ऑफिसातल्या पोरींपुढे. त्या बढायांखाली जे दडवलं, ते मात्र कुणालाच सांगितलं नाही. आईलाही नाही. आणि आईला तर मी शाळेत केलेल्या कॉप्यासुद्धा सांगत असे. आज तुम्हाला सांगायचं म्हणतेय. जमतंय का — बघू.

निमित्त माझ्या भाच्याचं. पुण्याहून नोकरीसाठी इथे आलाय, कोरमंगलात राहतो, संध्याकाळी ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकतो. परवा जेवायला आला तो निळा पट्टा पिशवीत घालूनच. त्यांच्याकडे म्हणे परीक्षा अशी नसतेच. शिकवणारा वर्षानुवर्षं तुम्हाला झटताना बघतो, त्याला पटलं की पट्ट्याच्या टोकाला पांढऱ्या चिकटपट्टीची एक रेघ लावतो, आणि अशा रेघा साठल्या की कधीतरी एकदम पुढचा रंग. "तुमच्या ज्युदोचं बरं होतं, मावशी," तो म्हणाला. "परीक्षा द्यायची, पास झालं की पट्टा. एकदम फेअर!"

मी त्याला आणखी एक पोळी वाढली. दुसरं काय करणार होते?

नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं ती. बाबांची सरकारी कारखान्यातली नोकरी, त्यामुळे आम्ही नागपूरहून येऊन बसवनगुडीत राहत होतो. जवळच्याच एका शाळेच्या हॉलमध्ये ज्युदोचा वर्ग भरायचा. मुलगे ढीगभर, कॉलेजच्या वयाच्या मुली दोनच — मी आणि रूपा. रूपा चामराजपेटेतली. तिचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच, त्यामुळे तिचं मराठी अर्धं कन्नड. मी त्या मराठीला हसायचे, आणि तीही माझ्याबरोबर हसायची. तिच्या वडिलांचा लग्नपत्रिका छापायचा लहानसा छापखाना होता. मुली दोघीच, म्हणून आम्ही कायमच्या जोडीदार. पांढऱ्या पट्ट्यापासून निळ्यापर्यंत मी तिला फेकलं, तिने मला. ती माझ्याहून चांगली होती. थोडीबहुत नव्हे — खूप.

तपकिरी पट्ट्याच्या परीक्षेआधी सरांनी सांगून टाकलं, की शाळेत सकाळी मुलींची नवी बॅच सुरू होणार आहे आणि रूपाला पट्टा मिळाला की ती बॅच तिची. मी शेजारीच उभी होते. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बघायला हवं होतं असं नाही. पण मला ते झोंबलं. किती दिवस झोंबत राहिलं म्हणून सांगू!

परीक्षेच्या सकाळी कपडे बदलताना रूपा म्हणाली, "अप्पा म्हणाले, ह्या वेळी झालं तर शिकवायला जा. नाही झालं तर सरी, ठीक आहे, खेळ बास, छापखान्यात बस." बोलताना ती केसांना रबर लावत होती. म्हणजे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहितेय. मला सगळं माहीत होतं.

आता एक गोष्ट समजावून सांगते, बाहेरच्यांना ती ठाऊक नसते. ज्युदोत परीक्षा फेकणारीची असते, पण पडणारी लागतेच. पडणारीने उडी मारायची नाही, अडवायचंही नाही. ओढलं की वजन टाचांवरून चवड्यांवर येऊ द्यायचं, एवढंच. ते आलं, की आडदांड माणूसही खांद्यावरून अलगद जातं. नाही आलं, तर फेकणारी भिंतीशी झटल्यासारखी दिसते. आणि ज्युदोची विजार इतकी ढगळ, की आतलं वजन टाचेवर आहे की चवड्यावर, कुण्णाला दिसत नाही.

आधी माझी पाळी होती. रूपा माझ्यासाठी पडली — इतकी सुरेख पडली, की बाहेरून आलेले परीक्षक मान डोलवायला लागले. माझं फेकणं देखणं दिसलं ते तिच्या पडण्यामुळे. मग तिची पाळी. उजव्या बाजूचे सगळे डाव झाले, मी नीट पडले. तोवर माझ्या मनात काही नव्हतं का? की होतं, आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून पडत होते? खरंच आठवत नाही. हे न आठवणं माझ्या सोयीचं आहे, तेही कळतं मला.

परीक्षक म्हणाले, आता खांद्यावरून, डाव्या बाजूने.

तिने ओढलं. आणि मी — वजन टाचांवर धरून ठेवलं. मुद्दाम. जरासंच, पण मुद्दाम.

ती आत वळली, अडकली. परत केलं. परत अडकली. तिसऱ्यांदा तिने सगळा जोर लावला, तिचे गुडघे वाकले आणि आम्ही दोघी वेड्यावाकड्या मॅटवर कोसळलो. परीक्षकांनी मला एकच प्रश्न विचारला, मी अंग आवळून धरलं होतं का? मी म्हणाले, "नो सर." स्वच्छ आवाजात. तोंडावर घाम होता, म्हणून खरं वाटलं असेल.

रूपा नापास झाली. कपडे बदलायच्या खोलीत तिने मला म्हटलं, "सॉरी गं, तुला उगीच स्वल्प जोरात ओढलं." मग पिशवी उचलली आणि गेली. परत वर्गाला आली नाही. सरांनी दोनदा निरोप पाठवला. बॅच मला मिळाली. छोट्या मुली मला अक्का म्हणायच्या, आणि मी त्यांना पहिल्या दिवशी काय शिकवायचे? आपल्याला फेकणाऱ्या मैत्रिणीसाठी प्रामाणिकपणे पडायला. काही वाटत नव्हतं का शिकवताना? वाटायचं. तरी शिकवायचे, आणि छान शिकवायचे.

चामराजपेट काय लांब होतं? बसने पंधरा मिनिटं. मी गेले नाही.

एवढंच असतं, तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. पण दोनेक वर्षांनी रूपा मला गांधी बाजारात भेटली. बोटांना शाई, हातात भाजीची पिशवी. मला बघून तिला इतका आनंद झाला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. बॅचबद्दल विचारलं, मुलींबद्दल विचारलं. मग थोडी घुटमळली.

"एक विचारू? तू तर आता शिकवतेस. त्या दिवशी डावीकडून माझं नेमकं काय चुकलं गं? मी अजून विचार करते."

तेव्हा सांगता आलं असतं. रस्त्यात आमच्याकडे बघायलाही कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, "तुझं डावं पाऊल पुरेसं आत येत नव्हतं."

विचार करायलासुद्धा थांबले नाही मी. मुलींना सांगायचे तशा शिकवायच्या आवाजात सांगितलं. तिने मान हलवली, सुटल्यासारखी. पिशवी खाली ठेवली, आणि त्या फुटपाथवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मधे, साडीच्या निऱ्या जरा उचलून डावं पाऊल आत टाकून बघितलं. जे पाऊल कधी चुकलंच नव्हतं, ते.

"असं?" तिने विचारलं.

"अजून थोडं आत," मी म्हणाले.