तांब्यात मुरलेले थेंब

आमच्याकडे गिनीपिग आहे असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारायचे. पहिला, "म्हणजे घूस का हो?" आणि दुसरा, "मुद्दाम पाळलीत?" सुरुवातीला माझेही हेच प्रश्न होते. सासूबाई गेल्यावर सासरे दिवसच्या दिवस खिडकीकडे तोंड करून बसायला लागले. जेवायला हाक मारली तरी "हं" यापलीकडे शब्द नाही. बंगळूरला नोकरीवर जाण्याआधी माझ्या लेकीने ही तपकिरी-पांढरी बया आणली, पिंजऱ्यासकट आजोबांच्या खोलीत ठेवली आणि निघून गेली. मी फोनवर तिला चांगलं फैलावर घेतलं.

पण सासरे बोलायला लागले. माझ्याशी नव्हे, तिच्याशी. "आलीस का? चल, पाणी पी." त्यांचा आवाज आला की ती शिट्टी मारल्यासारखी ओरडायची आणि जाळीला येऊन भिडायची. धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये कितीतरी महिन्यांनी त्यांचं हसणं ऐकू आलं. मग मी कुरकुर बंद केली.

लेकीने जाताना बजावलं होतं, की माणसासारखंच या प्राण्याच्या अंगातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज पोटात जायलाच हवं. सिमला मिरची द्या, पेरू द्या, नाहीतर औषधाचे थेंब. सिमला मिरची सासऱ्यांनी एका वाक्यात बाद केली. "मिरची? त्या जिवाला? अक्कल गहाण टाकलीय का सगळ्यांनी?" पेरूच्या बियांनी तिचे दात दुखतील म्हणून पेरूही गेला. राहिले थेंब. थेंबांचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि त्यात कुणाला हात लावू दिला नाही. वाळलं गवत, काकडी आणि दुकानातलं कोरडं खाद्य एवढंच माझ्याकडे होतं.

काही आठवड्यांनी ती जाळीशी यायची थांबली. आधी वाटलं, उन्हाळा आहे. मग ती मागचे पाय ओढत चालायला लागली. उचललं की किंचाळायची. काकडीची चकती तोंडाशी धरली की वास घ्यायची आणि मान वळवायची. सासरे पिंजऱ्यापुढे स्टूल टाकून बसले ते उठेनात. त्यांनी जेवण सोडलं. मला भीती वाटली ती ही, की ही गेली तर हे पुन्हा खिडकीकडे तोंड करतील, आणि या वेळी परत वळणार नाहीत.

जवळचा डॉक्टर म्हणाला, "आम्ही कुत्री-मांजरं बघतो." दुसऱ्याने तर फोनवर विचारलं, "काय पिग?" सासऱ्यांना घरी ठेवून मी एकटीच निघाले, तर सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत रिक्षा अडकली. बुटांच्या खोक्यात ती धापा टाकत होती आणि मी रिक्षावाल्यावर, सिग्नलवर, लेकीवर, सगळ्या जगावर खेकसत होते. शेवटी असे प्राणी बघणारी एक डॉक्टर मिळाली. तिने हिरड्या पाहिल्या, गुडघे चाचपले.

"क जीवनसत्त्व मिळत नाहीये हिला."

"रोज देतो आम्ही!" मी जवळजवळ ओरडलेच. "एक दिवस चुकलेला नाही."

"कसं देता?"

मी सांगितलं. सासरे रात्री तांब्याच्या तांब्यात पाणी भरतात, त्यातच थेंब टाकतात, रात्रभर मुरू देतात आणि सकाळी तेच तिच्या बाटलीत ओततात. तांब्यातलं पाणी गुणकारी, मग त्यात मुरलेलं औषध दुप्पट गुणकारी, असा त्यांचा हिशेब. आमच्या घरात सगळे तेच पाणी पितात. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

डॉक्टरने हातातलं पेन खाली ठेवलं. "साध्या पाण्यातही ते फार टिकत नाही. तांब्याच्या भांड्यात तर ते आणखी लवकर नासतं, सकाळपर्यंत काहीच उरत नसेल."

तिने सुई नसलेली सिरिंज दिली. औषध थेट तोंडात घालायचं, दिवसातून अनेकदा पातळ कालवलेलं खाद्य भरवायचं. "उशीर झालाय," असंही म्हणाली.

नवऱ्याने फोनवर सांगितलं, "बाबांना यातलं काही बोलू नकोस." मी नाही बोलले. सकाळी त्यांनी भरलेली बाटली मी गुपचूप मोरीत रिकामी करायची आणि साधं पाणी भरून परत लावायची. दुसऱ्याच सकाळी ते मागे येऊन उभे राहिले.

"माझ्या हातचं चालत नाही का आता?" ते म्हणाले. "म्हातारा अस्वच्छ वाटतो?"

त्यांचा चेहरा बघवेना. मी सगळं सांगून टाकलं. मग त्यांनी ओट्यावरची सिरिंज उचलली, तिला मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि म्हणाले, "कसं द्यायचं ते दाखव."

ते ओठांच्या कडेने थेंब थेंब सोडत राहिले. मी सिमला मिरची किसली, पेरू कुस्करला, आवळ्याचा रस काढला. "घे ना गं, एवढं घे," ते म्हणत. ती गिळेना. हनुवटीवरून सगळं ओघळायचं, ते पुसायचे, पुन्हा भरायचे. मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे आणि तोंड धुऊन परत यायचे. कुठल्या देवाला काय बोलले, मला आठवत नाही.

एका दुपारी ती त्यांच्या मांडीवरच गेली. ते बराच वेळ टॉवेल सोडेनात. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आपल्यावर विश्वास होता का गं तिचा?"

"अहो बाबा, होता म्हणजे काय," मी घाईघाईने म्हणाले. "तुम्ही दिलेल्या पाण्याचा एक थेंब टाकायची नाही ती."

धीर द्यायला म्हणून म्हणाले मी. शब्द तोंडातून गेल्यावर कळलं काय बोलले ते.

त्यांनी हळूच मान हलवली. "तेच तर," ते म्हणाले.