हेल्दी

सेलूच्या स्टँडवर आईने मला गाडीत बसवलं तेव्हा अभ्यासाबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. खिडकीतून लाडवांचा डबा आत सरकवत म्हणाली, "तब्येत करून ये, बाई. वाळून आलीस तर लोक मला नावं ठेवतील." आपल्याकडे तब्येत करणं म्हणजे अंग धरणं, हे गल्लीतल्या मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नको. माझी तर होतीच. आईच्या हातचं खाऊन कोणाचीही झाली असती.

आकुर्डीच्या हॉस्टेलवर पहिल्याच महिन्यात कॉलेजच्या फेस्टसाठी टी-शर्टची मापं घेत होते. माझी रूममेट श्रुती यादी करणाऱ्या मुलीला म्हणाली, "ही जरा हेल्दी आहे, डबल एक्सएल लिही." मी थँक्यू म्हणाले. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. शाळेत हेल्दी म्हणजे निरोगी असंच शिकवलं होतं. मी आईला फोनवर सांगितलं, इथे मला हेल्दी म्हणतात. तिने ते तुमच्या घरोघरी येऊन सांगितलं, तुम्हाला आठवत असेल.

खरा अर्थ मेसमध्ये कळला. गुलाबजाम नाकारताना श्रुती म्हणाली, "नको गं, हेल्दी होईन मी," आणि माझ्याकडे बघून तिने जीभ चावली. मला भयंकर लाज वाटली. श्रुती वाईट नव्हती, स्वतःच काकडीवर दिवस काढायची. मीही सुरू केलं. आधी भात सोडला, मग रात्रीचं जेवणच. दुसऱ्या वर्षी चाकणला कंपनी बघायला नेलं होतं, तिथे प्रेस मशीनपुढे मला चक्कर आली. कॅन्टीनच्या मावशींनी साखरपाणी पाजलं. "सकाळपास्नं काय खाल्लंच न्हाई व्हय?" मी पोहे खाल्ले म्हणून ठोकून दिलं.

त्या दिवाळीत घरी गेले. आईने माझ्या गळ्याची हाडं चाचपून पाहिली. "तिथं समदे हेल्दी म्हनत व्हते ना गं?" मी तिला अर्थ सांगितला. नसता सांगितला तर बरं झालं असतं. कणकेचे हात तसेच धरून ती उभी राहिली.

"म्हंजे मी गल्लीभर तुझी बदनामीच करत हिंडले."

आता मी तळवड्याला आयटीत आहे, सांगवीत राहते. नीट जेवते, वजन परत आलंय. ऑफिसात कोणी हेल्दी म्हणालं तर मला काही वाटत नाही. त्या शब्दाची भीती गेली. आईची गेली नाही. फोनवर ती हवापाणी विचारते, माझ्या अंगाबद्दल चकार शब्द काढत नाही. सुट्टीत गेले की ताट वाढते आणि दुसरीकडे बघते, मी कमी खाल्लं तरी आणि जास्त खाल्लं तरी. मी मुद्दाम तिसरी भाकरी मागून घेते. तिने एकदा माझ्याकडे नीट बघून "जाड झालीस गं" म्हणावं, म्हणजे मला घरी आल्यासारखं वाटेल.