धरून बसलेला गाळ

कुशावर्ता मॅडम सकाळी आल्या की पर्स ठेवायच्या आधी खिडकीपाशी जात. तिथं काचेच्या उंच बरण्या ओळीनं उभ्या होत्या. जिल्ह्यातल्या निरनिराळ्या ओढ्यांचा चिखल त्यांत भरलेला, वर वीतभर पाणी आणि झाकणं घट्ट. मॅडम एकेका बरणीपुढं वाकून विचारत, "काय, कालपासून काय केलंत?" परभणीच्या त्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत मी नुकताच लागलो होतो. बाई एकट्या राहतात, घरी बोलायला कुणी नसेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

एकदा त्यांनी माझ्यासमोर एका बरणीत चिमूटभर मोरचूद विरघळवून ओतला. पाणी निळंशार झालं. बरणीला कुणी हात लावला नाही, तरी महिनाभरात निळा रंग उतरत गेला आणि पाणी नितळ झालं. खाली चिखलात मात्र बोटभर जाडीचा काळा पट्टा उमटला होता. मोरचुदातलं तांबं कुठं गेलं, असं त्यांनी विचारलं. संपलं असेल, मी म्हणालो.

"पाण्यातून गेलं म्हणजे जगातून गेलं न्हाई, केशव. त्या चिखलात बारीक जीव हाईत. त्यांच्यापासून गंधकाचा वायू निघतो, तांबं त्याला चिकटतं अन् काळं होऊन बसतं. कुणी उठवलं न्हाई तर बसूनच राहतं."

त्या दिवसापासून मला खिडकीकडं पाठ करून काम करवेना.

मॅडम पेडगावच्या लिंगायत घरातल्या. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. हातमोजे त्यांना आवडत नसत. चिखल अंगठ्यानं चोळून वास घेत आणि तो कुठल्या ओढ्याचा ते बहुधा बरोबर सांगत. कुजक्या अंड्यासारखा वास आला की इतरांनी नाकाला रुमाल लावावा आणि मॅडमचा चेहरा खुलावा. "जागे हाईत," म्हणायच्या.

झरीच्या पुढं एक लहान वाडी आहे. तिथल्या ओढ्याच्या वरच्या अंगाला कुणी बाहेरच्या माणसानं पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी घातली होती. भागूबाई नावाच्या बाईच्या दोन म्हशी ओढ्याचं पाणी पिऊन मेल्या, तेव्हा गावानं भट्टी बंद पाडली. माणूस निघून गेला. पुढं ओढ्यात तांबडा, बुळबुळीत साका धरू लागला आणि लोक त्याला रगताचा ओढा म्हणू लागले. तिथं बेडूक ओरडत नसत. भर दुपारी तिकडून बायका जात नसत, कारण खालच्या डोहात कुणीतरी श्वास घेतं म्हणे. डोहाच्या खाली गावाची पिण्याची विहीर होती. सरपंचांनी ती तपासायला बोलावलं.

आम्ही नेमके बाराच्या उन्हात पोचलो. डोहाजवळ एक पाखरू नव्हतं. पाण्यावर तेलासारखा रंगीबेरंगी तवंग होता. मॅडमनी त्यावर काडी मारली, तसे त्याचे काचेसारखे तुकडे झाले. तेल असतं तर पुन्हा जुळलं असतं, त्या म्हणाल्या. हा जिवाणूंचा पापुद्रा. तेवढ्यात डोहाच्या मधोमध एक मोठा बुडबुडा आला आणि हळूच फुटला. मी दोन पावलं मागं सरलो. मॅडम तिथंच उकिडव्या बसल्या होत्या.

तपासणीत भट्टीजवळच्या पाण्यात शिसं भरपूर निघालं, विहिरीत जवळपास नाही. फोडलेल्या बॅटऱ्यांतल्या आम्लानं जमिनीतलं लोखंड सुटलं होतं. जिवाणू त्याचा गंज करत होते आणि शिसं त्या गंजाला चिकटत होतं. जे निसटे त्याला डोहातला काळा गाळ धरून ठेवी. भागूबाई म्हणाल्या, डोहात राखणदार आहे. मी त्यांना समजावू लागलो, तर मॅडमनी मला थांबवलं. "राहू दे. नाव चुकलंय, गोष्ट चुकली न्हाई."

त्यानंतर मॅडम आठवडाभर रजेवर गेल्या. जाताना बजावून गेल्या: छापील अहवालात गाळाचा रकाना नाही, तेव्हा खाली हातानं दोन ओळी लिही, डोहातला गाळ हलवू नका म्हणून, आणि मगच पाठव. मी त्या लिहिल्या नाहीत. विसरलो, असं मी पुढं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे अहवालावर हातानं खरडलेलं प्रयोगशाळेच्या साहेबांना खपत नसे आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

'पिण्यास योग्य' एवढंच सरपंचांनी गावात वाचून दाखवलं. पाणी चांगलं म्हणजे गाळही चांगला, असा हिशेब करून त्यांनी खोदायचं मशीन आणलं. मॅडमना कळलं त्या दिवशी आम्ही पोचलो, तेव्हा निम्मा डोह उपसून झाला होता. काठावर काळ्या गाळाचे ढीग उन्हात पडले होते आणि त्यांच्यावर गंजाची तांबूस साय धरत होती. एकाही ढिगावर माशी बसत नव्हती. सहा ट्रॉल्या खत म्हणून शेतात गेल्या होत्या.

मॅडम मशीनपुढं जाऊन उभ्या राहिल्या. हवा लागली की गाळ शिसं सोडून देईल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. सरपंचांनी खिशातून अहवाल काढून पुढं धरला आणि यात तसं कुठं आहे, म्हणून विचारलं. मॅडमनी तो वाचला. माझ्याकडं एकदा पाहिलं.

"लिहायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "चूक माझी हाय."

मी बुटाला लागलेला गाळ गवतावर पुसत राहिलो.

पावसाळ्यात विहिरीत शिसं आलं. विहीर बंद झाली, टँकर सुरू झाला. मॅडम दर शनिवारी मला घेऊन बसनं वाडीला जाऊ लागल्या. शेतातला गाळ खरवडून परत डोहात टाकला, बांध घातला, जिवाणूंना खायला म्हणून कडबा आणि शेण सोडलं. मग वाट पाहणं. लोक त्यांना तोंडावर बोलत. परतीच्या बसमध्ये त्या मला ओढ्याचं सगळं सांगत. त्या दोन ओळींविषयी कधी चकार शब्द काढला नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या हिवाळ्यात मॅडम हृदयविकारानं गेल्या. पेडगावला त्यांना त्यांच्या रिवाजाप्रमाणे बसवून पुरलं. खड्ड्यात त्या मांडी घालून बसल्या होत्या, कपाळावर ताजं भस्म. माती खांद्यापर्यंत आली तेव्हा मी मान वळवली.

त्यानंतर दोन महिन्यांनी विहिरीचं पाणी लागोपाठ तिसऱ्यांदा स्वच्छ आलं. ते सांगायला मी ग्रामसभेत गेलो. लोकांना आनंद झाला, आणि लगेच मागून एकजण म्हणाला, आता तरी गाळ काढायला हरकत नसावी.

मी उठलो. पाणी स्वच्छ आहे ते गाळ जागेवर आहे म्हणूनच, हे सांगितलं. मग त्या दोन ओळी कुणी लिहायच्या होत्या आणि का लिहिल्या नाहीत, तेही सांगितलं. सरपंच जमिनीकडं पाहत होते. अखेर डोहाला हात लावायचा नाही, असं ठरलं.

सभा संपल्यावर भागूबाई मला विहिरीवर घेऊन गेल्या. त्यांनी पाणी शेंदलं, तांब्या भरला आणि माझ्यापुढं धरला.

"तुमी लिहून दिलंय ना चांगलं हाय म्हणून? प्या."

मी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवला. भागूबाई स्वतः प्यायल्या नाहीत. रिकामा तांब्या हातात धरून, माझी बस येईपर्यंत त्या माझ्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या.