गुणवंताची पहिली बायको

रामाकोन्याच्या चंद्रकलाबाईंना सवत होती आणि ती गोरी होती. नव्वदी ओलांडलेल्या या बाईंनी ही गोष्ट कधी कोणापासून लपवली नाही. देवघराशेजारी काचेच्या फ्रेममध्ये सवत बसलेली असे. मान मागे टाकलेली, केसांच्या लाटा, दोन्ही खांदे उघडे. खांदे झाकतील अशा बेताने सासूने फ्रेमला हार घातला होता आणि काचेवर कुंकू लावलं होतं. पुढे नवरा गुणवंता गेला तेव्हा चंद्रकलाबाईंचं कपाळ मोकळं झालं. सवतीचं कुंकू मात्र राहिलं, कारण ती सवाष्ण गेलेली.

ती घरात आली गुणवंताच्या ट्रंकेतून. तो दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून परतला, तेव्हा गणवेशाखाली हा फोटो निघाला. खाली इंग्रजीत एक ओळ आणि सही. आईने विचारलं, ही कोण. गुणवंता म्हणाला, "जाऊ दे ना माय." एवढ्यावरून माउलीने सगळं ओळखलं. पोराने तिकडे मडमेशी लग्न केलं आणि ती बॉम्बगोळ्यात गेली. गुणवंता हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मग जामसांवलीच्या मारुतीला नारळ फोडून आईने त्याचं दुसरं लग्न लावलं.

दुसरेपणाचे नियम चंद्रकलाबाईंनी निमूट पाळले. नवं लुगडं आधी फोटोपुढे ठेवायचं, मग आपण नेसायचं. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी पितृपक्षात अविधवा नवमी असते. त्या दिवशी तिच्या नावाने एक सवाष्ण जेवू घालायची. गुणवंताही त्या पंगतीला बसायचा, पुरणपोळी खायचा आणि संत्र्याच्या बागेत निघून जायचा. नवरा वारल्यावर ही नवमी बंद करतात, असं भटजींनी पुढे सांगून पाहिलं. चंद्रकलाबाई म्हणाल्या, तिचं दुसरं कोन हाय?

गुणवंता घरात बोलत नसे. भाजीत मीठ कमी पडलं तर वाटी पुढे सरकवायचा, तेवढंच. धाकटी मुलगी तापाने गेली तेव्हा तो ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसला आणि चंद्रकलाबाईंनीच त्याला पाणी नेऊन दिलं. याचं एकदा जळालं आहे, आता पुन्हा जळालं, हा बोलणार काय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. त्याचं सगळं गप्प बसणं त्यांनी त्या मेलेल्या बाईच्या पदरात टाकलं. आणि बोलायला दुसरं कोणी नसल्यामुळे त्या तिच्याशीच बोलत.

यंदा नवमीला सवाष्ण म्हणून नवी नातसून बसली. तृप्ती, पांढुर्ण्याची. तिचं ताट फोटोसमोर मांडलं होतं. जेवता जेवता तिने फोटोचा फोटो काढला आणि ही कोण, असं मोबाइलला विचारलं. तोंडातला घास गिळून होण्याआधी उत्तर आलं.

"आजी, ही तर हॉलिवूडची हिरोईन आहे."

चंद्रकलाबाई खुर्चीवर बसून कोणाला काय वाढायचं ते सांगत होत्या. त्या म्हणाल्या, "असन. हिरोईनी लगन नाई करत काय?"

तृप्तीने लग्नंही शोधून काढली. चार होती. त्यांत आपल्या सौंसर तहसिलीतलं एकही नव्हतं. बाई कुठल्याही बॉम्बगोळ्यात सापडली नव्हती. गुणवंतानंतर बऱ्याच वर्षांनी, म्हातारी होऊन, आपल्या घरात वारली होती. म्हणजे आपण वर्षानुवर्षं एका जिवंत बाईची नवमी केली, हे चंद्रकलाबाईंचा मुलगा केशवराव यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी पोळी ताटात ठेवली. लढाईच्या दिवसांत असे फोटो पलटणीत गठ्ठ्याने वाटत, सहीसुद्धा छापील, असं तृप्तीने वाचून दाखवलं. खालची ओळ होती, सदैव तुझीच.

"सगळ्याइले हेच लिहून?" चंद्रकलाबाईंनी विचारलं.

"हो आजी. सगळ्यांना."

नातू केतनने फोटो स्टेटसला टाकला. दोन दिवस गाव बघायला येत होतं. बायकांनी अभिनंदन केलं. सवत नव्हतीच, नशीबवान आहात, एकट्याच राणी होतात. चंद्रकलाबाई सगळ्यांना हो म्हणत होत्या. माणसं पांगल्यावर त्यांनी केशवरावांना जवळ बोलावलं.

"मंग तुहे बाबूजी माह्याशी काऊन नाई बोलले?"

केशवराव साठी ओलांडलेले, गावात चार ठिकाणी शब्द चालणारे. तरी त्यांना पायाकडे पाहावं लागलं. "स्वभाव होता, माय. कोणाशीच बोलत नव्हते ते."

या उत्तरावर चंद्रकलाबाईंचे काही दिवस निघाले. त्या पुन्हा नीट जेवू लागल्या. मग हॉटेलवाला प्रकाश आला.

स्टेशनजवळचं चहाचं हॉटेल प्रकाशच्या बापाचं, नंतर त्याचं. आता तोही म्हातारा. त्याला कोणीतरी सगळं सांगितलं होतं आणि तो केवळ चांगल्या हेतूने आला होता.

"कोन म्हनते काका बोलत नव्हते? हॉटेलात येऊन बसले का तास तास उठत नव्हते जी. दोन ट्रकच्या मंधात चादर बांधून पलटनीले सिनेमा दाखवत, ते सांगत. हे बाई कशी चालते, कशी रुसते, बसल्या जाग्यावर करून दाखवत. लोक हासून हासून बेजार होत."

केशवराव खोकले. प्रकाशला तो खोकलाच वाटला. त्याने आणखी दोनदा सांगितलं की काकांसारखा बोलका माणूस रामाकोन्यात झाला नाही.

चंद्रकलाबाईंनी आपली खुर्ची त्याच्याजवळ सरकवून घेतली.

"काय करून दाखवत? मले दाखव."

प्रकाशने कप खाली ठेवला. हात उचलला, मान जराशी तिरपी केली. तसाच थांबला, आणि हात हळूच मांडीवर आला.

"आता ध्यानात नाई, काकू. पन मजा भल्ली यायची."

चंद्रकलाबाई त्याच्या हाताकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी तृप्तीला हाक मारली आणि सांगितलं, याला अजून एक चहा दे, बसू दे, आठवून राहिला तो.